जॉर्जिया : दिवाळीच्या सुट्टीत शहरे किती आणि डोंगर किती?

घोडबंदरकर

नमस्कार. या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. भाऊबीज आटोपल्यावर मुलीच्या शाळेची जी सुट्टी शिल्लक राहते, तेवढ्या काळात जॉर्जियाला जाऊन येण्याचा आमचा विचार आहे. आम्ही दोघे, सातवीत शिकणारी मुलगी आणि सत्तरीतली आई असे चौघे असू. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती कितीही चालते, पण उंच पायऱ्या आल्या की थांबते. शिवाय ती पूर्ण शाकाहारी आहे.

ठाण्यातल्या एका प्रवासी संस्थेने आठवडाभराचा जो कार्यक्रम आखून दिला आहे, त्यात राजधानी त्बिलिसी, तिथून एका दिवसात काझबेगीला जाऊन परत, दुसऱ्या दिवशी गोरी आणि उप्लिस्त्सिखे करून कुतैसी, मग स्वानेती या डोंगराळ प्रदेशातील मेस्तिया आणि उशगुली, त्यानंतर काळ्या समुद्रावरचे बातुमी आणि शेवटी पुन्हा त्बिलिसी असे सर्व काही आहे. कागदावर हे फार आकर्षक दिसते. परंतु नकाशा उघडून अंतरे मोजू लागल्यावर मला अशी शंका आली, की आम्ही जॉर्जिया पाहण्यापेक्षा जॉर्जियातली मोटार अधिक पाहू. प्राचीन शहरे आणि कॉकेशस पर्वत या दोन्ही गोष्टींसाठीच आम्हाला जायचे आहे. खरेदी, कॅसिनो किंवा समुद्रकिनारा यांत रस नाही. यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खारघरचा भटक्या

तुमची शंका अगदी रास्त आहे. सर्वप्रथम बातुमी गाळा. त्या शहराला वर्षाकाठी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस मिळतो आणि त्यातला मोठा वाटा शरद ऋतूत पडतो. ठाण्याचा पावसाळा नुकताच संपवून तसाच पाऊस पाहायला परदेशी जाण्यात अर्थ नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे कार्यक्रम आखणारे लोक किलोमीटर मोजतात, उजेड मोजत नाहीत. जॉर्जिया आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला आहे आणि तिथले घड्याळ आपल्यामागे दीड तास चालते. नोव्हेंबरच्या मध्यावर त्बिलिसीत सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच वाजून गेले की मावळतो. म्हणजे हाताशी जेमतेम पावणेदहा तासांचा दिवस असतो. त्बिलिसीपासून काझबेगी, म्हणजे नकाशावर ज्याचे नाव आता स्तेपानत्समिंदा असे आहे ते गाव, सुमारे १५० किलोमीटरवर आहे. रस्ता मोकळा असला तरी जाण्यास तीन तास लागतात. वाटेत अनानुरीची गढी आणि गुदौरीच्या वरच्या बाजूचे चित्रमय अर्धवर्तुळाकार स्मारक (रशियाशी १७८३ साली झालेल्या गेओर्गियेव्स्कच्या तहाला दोनशे वर्षे झाली, म्हणून ते १९८३ साली उभारले गेले) या दोन ठिकाणी थांबल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. त्यामुळे गावात पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजतो. डोंगरात ढग जमू लागण्याची वेळ बहुधा हीच असते. गेर्गेतीच्या चर्चपर्यंत जाऊन, जेवण करून परत फिरावे, तर ज्वारी खिंडीतली वळणे अंधारात उतरावी लागतात. ज्या शिखरासाठी एवढा खटाटोप केला, ते ५,००० मीटरहून उंच काझबेक शिखर मात्र ढगातच राहते.

हा रस्ता रशियाच्या लार्स सीमा नाक्याकडे जाणारा एकमेव मोठा मालवाहतुकीचा मार्ग आहे, हेही लक्षात घ्या. बर्फ पडले किंवा नाका बंद झाला, की अवजड मालमोटारींची रांग खिंडीच्या दोन्ही बाजूंना किलोमीटरच्या किलोमीटर उभी राहते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखापाशी संध्याकाळी अडकण्याचा अनुभव तुम्हाला असेलच. तेच चित्र २,३०० मीटरहून अधिक उंचीवर आणि शून्याखालच्या तापमानात कल्पून पाहा.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की काझबेगीला गेलात तर रात्री तिथेच मुक्काम करा, आणि शक्य असल्यास दोन रात्री करा. पहाटे आकाश बहुधा स्वच्छ असते. गावातल्या खोलीच्या खिडकीतूनही शिखर आणि त्याच्या पुढ्यात २,१७० मीटर उंचीवरच्या टेकडीवर उभे असलेले चौदाव्या शतकातले चर्च दिसते. तुमच्या आईंना चर्चकडे चढून जावे लागणार नाही, कारण आता वरपर्यंत पक्का रस्ता झाला आहे. शेवटचा थोडा चढ तेवढा पायी आहे. तुम्ही आणि मुलगी मात्र जंगलातल्या पायवाटेने चढून या. त्या वाटेवरचा दीड-दोन तासांचा चढ मला मोटारीने वर पोहोचण्यापेक्षा कितीतरी अधिक आवडतो.

पाम बीच

खारघरकरांचे काझबेगीविषयीचे म्हणणे मान्य आहे. पण मग स्वानेती सोडायचे का? मुंबईहून त्बिलिसीपर्यंतचा खर्च एकदा केल्यावर, खऱ्या अर्थाने जॉर्जियाचे वैशिष्ट्य असलेला प्रदेश न पाहता परतणे मला पटत नाही. कॉकेशसची हिमशिखरे अन्यत्रही आहेत. स्वानेतीतल्या घराघराला लागून असलेले दगडी बुरूज मात्र दुसरीकडे पाहायला मिळत नाहीत. यातले बहुतेक बुरूज नवव्या ते बाराव्या शतकांदरम्यानचे मानले जातात. परकीय आक्रमण, हिमकडे आणि शेजारच्या कुळाशी चाललेले रक्ताचे वैर या तिन्हींपासून बचाव व्हावा, म्हणून ते बांधले गेले. उशगुली ही सुमारे २,१०० मीटर उंचीवरची वस्त्यांची माळ आहे. तिच्यातल्या चाझाशी वस्तीमुळे अप्पर स्वानेतीला १९९६ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. वस्तीच्या मागे जॉर्जियाचे सर्वोच्च शिखर श्खारा भिंतीसारखे उभे असते. सखल प्रदेशावर संकट आले, की मौल्यवान वस्तू आणि धार्मिक चित्रे या दुर्गम खोऱ्यात आणून लपवली जात, आणि त्यातली बरीचशी आज मेस्तियाच्या संग्रहालयात पाहता येतात. म्हणजे इतिहास आणि पर्वत या दोन्ही गोष्टी, ज्या घोडबंदरकरांना हव्या आहेत, त्या एकाच ठिकाणी आहेत. त्बिलिसीजवळच्या नातख्तारी धावपट्टीवरून मेस्तियाला छोटे विमानही जाते.

खारघरचा भटक्या

पाम बीच, वर्णनाबद्दल वाद नाही. वाद आहे तो महिन्याबद्दल. ते छोटे विमान पूर्णपणे हवामानावर अवलंबून असते आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्या भरवशावर परतीचे आंतरराष्ट्रीय तिकीट काढणे धोक्याचे आहे. रस्त्याने त्बिलिसीहून मेस्तिया साडेचारशे किलोमीटरहून लांब पडते. आठ-नऊ तास सहज जातात आणि त्यातला झुगदिदीनंतरचा टप्पा एन्गुरी धरणाच्या कडेकडेने जाणारा वळणावळणाचा घाट आहे. मेस्तियापर्यंतचा रस्ता हिवाळ्यातही खुला ठेवतात, हे खरे. मात्र मेस्तिया ते उशगुली हे सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर हिमवृष्टीनंतर कधी पार करता येईल, हे कोणी सांगू शकत नाही. आणि उशगुलीच्या पलीकडची खिंड तर हिवाळ्यात बंदच असते. जाण्याचा एक संपूर्ण दिवस, येण्याचा एक संपूर्ण दिवस आणि मध्ये ढग उघडण्याची वाट पाहण्यात गेलेले दिवस असा हिशेब केला, तर आठवड्यातले उरते काय? स्वानेतीला जायचे तर जून ते सप्टेंबर या काळात आणि केवळ स्वानेतीसाठीच जावे. मे महिन्याच्या सुट्टीतही तिथे वर बर्फ आणि खाली चिखल अशी स्थिती असते.

दुसरा मुद्दा असा, की एका प्रवासात दोन खोरी जोडण्याचा मोह टाळावा. कॉकेशसमधली खोरी एकमेकांना समांतर नसून मुख्य रांगेपासून खाली वेगवेगळ्या दिशांना उतरतात. त्यामुळे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्यासाठी प्रत्येक वेळी पायथ्याशी उतरून पुन्हा चढावे लागते. नकाशावर काझबेगी आणि मेस्तिया यांच्यामधले सरळ अंतर पाहून कार्यक्रम आखणारे इथेच फसतात. शिवाय त्या दोहोंच्या मध्ये दक्षिण ओसेतिया आहे. २००८ च्या युद्धापासून त्या प्रदेशातला कोणताही भाग जॉर्जियन सरकारच्या ताब्यात नाही आणि तिथे पर्यटकांनी जाण्याचा प्रश्नच येत नाही.

येऊरची वाट

विषय थोडा वेगळा आहे, पण डोंगरांचाच आहे. अलीकडे समाजमाध्यमांवर तुशेती या भागाच्या चित्रफिती फार दिसतात. तिथे नोव्हेंबरमध्ये जाता येईल का?

खारघरचा भटक्या

नाही. तुशेतीत जाणारी अबानो खिंड साधारण जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच खुली असते. गावकरीदेखील हिवाळ्यात कळप घेऊन खाली येतात.

नौपाड्याचे मास्तर

डोंगरांची चर्चा बरीच झाली. शहरांविषयी मी लिहितो. निवृत्तीपूर्वी शाळेत इतिहास शिकवत असल्यामुळे थोडे पाल्हाळ होईल, ते गोड मानून घ्यावे.

आपल्याकडचे बहुतेक प्रवासी म्त्सखेता या गावाला काझबेगीच्या वाटेवरचा अर्ध्या तासाचा थांबा समजतात, आणि माझ्या मते या संपूर्ण देशातील सर्वांत मोठा अन्याय तोच आहे. त्बिलिसीपासून अवघ्या वीस किलोमीटरवरचे हे गाव इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत इबेरिया, अर्थात कार्तली राज्याची राजधानी होते. चौथ्या शतकात या राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या कितीतरी आधी. गावाच्या समोरच्या टेकडीवर सहाव्या शतकातला ज्वारी मठ आहे आणि त्याच्या खाली अराग्वी व म्त्क्वारी या दोन नद्यांचा संगम आहे. पाऊस होऊन गेलेला असेल, तर दोन्ही प्रवाहांचे वेगळे रंग वरून स्पष्ट ओळखता येतात. ज्वारीपर्यंत मोटार जाते, त्यामुळे घोडबंदरकरांच्या मातोश्रींना त्रास होणार नाही.

खाली गावात अकराव्या शतकातले स्वेतित्सखोवेली हे भव्य चर्च आहे. त्याच्या उत्तरेकडील बाह्यभिंतीवर कोनमापक धरलेला एक हात कोरलेला आहे. वास्तुविशारद अर्सुकिद्झे याचा हात त्याच्याच गुरूच्या मत्सरामुळे तोडला गेला, अशी दंतकथा त्याच्याशी जोडली जाते. असे काम दुसरीकडे होऊ नये म्हणून कारागिराचे हात तोडल्याच्या कथा आपल्याकडेही ऐकायला मिळतात. त्या सगळ्याच खऱ्या मानल्या, तर जगात एकाही कुशल कारागिराचे हात शाबूत राहिले नसते. ज्वारी, स्वेतित्सखोवेली आणि गावातला सामताव्रो मठ असे तीन वास्तुसमूह १९९४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. या गावाला सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ अवश्य द्यावा, आणि तोही काझबेगीच्या दिवशी नव्हे.

त्बिलिसीचे वैशिष्ट्य असे, की तिथे एका चालण्याच्या टप्प्यात अनेक संस्कृतींचे थर पायांखालून जातात. पाचव्या शतकातल्या वाख्तांग गोर्गासाली राजाचा शिकारी पक्षी सावजासह गरम पाण्याच्या झऱ्यात पडला आणि त्या झऱ्यांपाशी राजाने नगर वसवले, अशी परंपरागत कथा आहे. ते गंधकयुक्त झरे आजही अबानोतुबानी भागातल्या घुमटाकार स्नानगृहांना पाणी पुरवतात. तिथून वर नारिकाला किल्ल्याच्या पायथ्याशी मशीद आहे, थोड्याच अंतरावर आर्मेनियन चर्च आणि सिनेगॉग आहे. जुन्या वस्तीतल्या घरांच्या गर्दीत अग्निपूजकांच्या एका मंदिराचे अवशेषही आहेत. अरब, इराणी, मंगोल आणि रशियन अशा सर्व सत्ता या खिंडीवजा प्रदेशातून गेल्या, त्याच्या या खुणा. पायी फिरण्यास हा भाग उत्तम असला, तरी दगडी फरसबंदी ओबडधोबड आहे. किल्ल्याच्या डोंगरधारेवर जाण्यासाठी नदीकाठच्या बागेतून रोपवे आहे आणि म्तात्समिंदा टेकडीवर चढण्यासाठी १९०५ साली सुरू झालेली दोरखंडाची रेल्वे आहे. मातोश्रींसाठी हे दोन्ही सोयीचे ठरतील. भुयारी रेल्वे स्वस्त आणि जलद आहे. पण तिचे सोव्हिएत काळातले सरकते जिने फार खोल जातात आणि आपल्याकडच्या जिन्यांहून वेगाने धावतात. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी टॅक्सीच घ्यावी.

घोडबंदरकर

मास्तर, हे वाचून म्त्सखेता स्वतंत्र दिवसाला हलवले आहे. आता एक पेच राहतो. आमच्या कार्यक्रमात उप्लिस्त्सिखे आणि कुतैसी दोन्ही आहेत. आईच्या दृष्टीने यातले कोणते ठेवावे?

नौपाड्याचे मास्तर

उप्लिस्त्सिखे हे गोरीपासून दहा-पंधरा किलोमीटरवर, म्त्क्वारीच्या काठी मऊ वालुकाश्मात कोरलेले नगर आहे. त्याची सुरुवात ख्रिस्तपूर्व काळातली आहे. वेरूळ पाहिलेल्या मराठी माणसाने तिथे शिल्पांची अपेक्षा ठेवून जाऊ नये. वेरूळला कठीण बेसाल्टात देव कोरले आहेत, इथे मऊ खडकात लोकांची राहण्याची, धान्य साठवण्याची आणि यज्ञविधीची जागा कोरली आहे. मोठ्या दालनांच्या छतांवर लाकडी तुळयांची हुबेहूब नक्कल दगडात केलेली आहे; ते पाहून कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या कमानींची आठवण होते. परंतु तिथे कठड्यांविना उतरता, झिजलेला खडक चालावा लागतो. ओल असेल तर तो निसरडाही असतो. तुमची मुलगी रमेल, मातोश्रींना मात्र प्रवेशद्वारापाशी बसून राहावे लागेल. वार्दझियाची गोष्टही तीच. राणी तामारच्या बाराव्या शतकातल्या या अजस्र गुहामठात शेकडो पायऱ्या आहेत आणि त्बिलिसीपासून ते फार लांब आहे.

कुतैसीजवळचा गेलाती मठ मात्र सुलभ आहे. दावित आघमाशेनेबेली, म्हणजे ‘निर्माता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजाने तो ११०६ साली स्थापन केला आणि त्याला जोडून विद्यापीठाच्या दर्जाचे अध्ययनकेंद्र उभे केले. याच राजाने ११२२ साली त्बिलिसी जिंकून ती राजधानी केली. त्याची समाधीशिला मठाच्या जुन्या दक्षिण दरवाजात आडवी ठेवलेली आहे, येणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल आपल्यावर पडावे, अशी त्याची इच्छा असल्याचे सांगतात. तिथल्या मुख्य चर्चमधील मेरीमातेचे बाराव्या शतकातले मोझेक अद्वितीय आहे. अलीकडच्या काळात छतातून पाणी झिरपल्याने भित्तिचित्रांना इजा झाली आणि दुरुस्तीसाठी परांच्या उभारल्या गेल्या. त्यामुळे सर्व काही मोकळेपणे दिसेलच असे नाही. कुतैसीतले बाग्राती चर्च याच वारसास्थळाचा भाग होते, पण त्याची पुनर्बांधणी मूळ वास्तूच्या अस्सलपणाला बाधक ठरल्याने २०१७ साली ते यादीतून वगळले गेले. वारसा जपताना अति उत्साह कुठे नेतो, हे पाहण्यासाठी तरी मी तिथे जाईन. आपल्याकडच्या किल्ल्यांवर सिमेंट ओतणाऱ्यांनीही जावे.

आता गेलातीसाठी कुतैसीला जाऊन येण्यात सुमारे साडेचारशे किलोमीटरचा प्रवास आहे. तिथे एक मुक्काम करणार असाल तरच जावे. नसेल, तर काखेती या पूर्वेकडच्या प्रांतातले आलावेर्दी हे चर्च पाहा. ते जवळ पडते आणि सपाटीवर आहे.

जाता जाता आपल्याला जवळची एक गोष्ट सांगतो. काखेतीची राणी केतेवान हिने धर्मांतरास नकार दिला, म्हणून १६२४ साली शिराझमध्ये तिचा छळ करून वध करण्यात आला. ऑगस्टिनियन पंथाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंनी तिच्या अस्थींपैकी काही भाग जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन मठात आणून ठेवला. पुढे तो मठ ढासळला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात मिळालेल्या अस्थींची हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत जनुकीय तपासणी झाली, आणि २०२१ च्या जुलैमध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यातला अवशेष त्बिलिसीत जॉर्जियाला समारंभपूर्वक सुपूर्द केला. जुन्या गोव्यातला तो एकाकी मनोरा आपण सहलीत पाहतो, पण त्याचा हा संबंध आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. जॉर्जियन माणसाशी बोलताना ‘गोवा’ एवढे म्हणून पाहा.

वाशीची अन्नपूर्णा

आहाराविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. शाकाहारी माणसाची जॉर्जियात उपासमार होत नाही. उलट हे लोक वांगे, पालक, बीट, राजमा आणि अक्रोड यांचा वापर आपल्याला सहज आवडेल अशा रीतीने करतात. तळलेल्या वांग्याच्या कापांत लसूण घातलेले अक्रोडाचे वाटण भरून केलेली बद्रिजानी, पालेभाजी आणि अक्रोड एकत्र करून बांधलेली प्खाली, मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा म्हणजे लोबिओ, त्यासोबत मक्याची म्चादी नावाची भाकरी, आणि राजमा भरलेली लोबियानी हे पदार्थ जवळपास सर्वत्र मिळतात. खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली भाकरी, सर्वांना माहीत असते, पण तिच्या अजारुली या नौकेच्या आकाराच्या प्रकारात मध्यभागी कच्चे अंडे फोडलेले असते. अंडे चालत नसेल तर साधी इमेरुली मागवावी. खिंकाली या मोदकासारख्या चुण्या घातलेल्या पदार्थात मूळ सारण मांसाचे असते. बटाटा, अळिंबी किंवा चीज यांची खिंकाली वेगळी मागावी लागते. डोंगराळ भागात कुब्दारी नावाची भरलेली भाकरी मिळते, ती बाहेरून खाचापुरीसारखीच दिसते आणि आत मात्र मांस असते. विचारल्याशिवाय तोडू नये.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवारी आणि शुक्रवारी, तसेच २८ नोव्हेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत मांस आणि दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य असतात. त्यामुळे पुष्कळ उपाहारगृहांत उपवासाचे स्वतंत्र पदार्थ असतात आणि ‘सामार्ख्वो’ असे म्हटले की वाढप्याला अचूक कळते. मात्र उपवासात मासे काही दिवशी चालतात, तेव्हा मासे नकोत हेही सांगावे. अक्रोडाची कोणाला ॲलर्जी असेल, तर फार जपावे लागेल, कारण ते कोणत्या रश्श्यात असेल याचा नेम नसतो.

घोडबंदरकर, काकूंसाठी एक व्यावहारिक सूचना : काझबेगीत हॉटेलऐवजी घरगुती अतिथिगृहात राहावे. तिथल्या गृहिणी आदल्या रात्री सांगितले तर हवे ते करून देतात, आणि स्वयंपाकघरातल्या चुलीजवळ काकूंना बसायलाही मिळते. भाषेची अडचण काकूंना येणार नाही; माझ्या सासूबाईंना आली नव्हती.

कोपरी पूर्व

कागदपत्रांविषयी थोडक्यात. भारतीय पारपत्रधारकांनी जॉर्जियाच्या अधिकृत शासकीय संकेतस्थळावरूनच ई-व्हिसा घ्यावा. दलालांची मिळतीजुळती संकेतस्थळे पुष्कळ आहेत. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असलेल्यांना, तसेच आखाती देशांत निवासी परवाना असलेल्यांना सवलत असते. दुबईहून कोणी नातेवाईक तुम्हाला येऊन मिळणार असतील, तर त्यांनी आपल्यासाठीचा नियम स्वतंत्रपणे तपासावा. १ जानेवारी २०२६ पासून पर्यटकांना आरोग्य व अपघात विमा सक्तीचा झाला आहे आणि त्याचे संरक्षण किमान ३०,००० लारी असावे लागते. एक लारी साधारण तीस-पस्तीस रुपयांच्या घरात धरा. विम्याचे पत्र इंग्रजीत छापून जवळ ठेवावे.

ई-व्हिसा हाती असला, तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय विमानतळावरचा अधिकारी घेतो, आणि भारतीय प्रवाशांना तिथून परत पाठवल्याचे प्रकार घडलेले आहेत. म्हणून परतीचे तिकीट, सर्व रात्रींचे आरक्षण, विमा आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा कागदावर छापून प्रत्येकाच्या वेगळ्या पाकिटात ठेवावा. आपण कोणत्या दिवशी कुठे राहणार आहोत, हे कुटुंबातल्या प्रत्येकाला सांगता आले पाहिजे. प्रवासी संस्थेने काढून दिलेला कार्यक्रम स्वतः न वाचता जाणारे लोक इथे अडखळतात. मुंबई ते त्बिलिसी थेट विमान तुमच्या तारखांना आहे का, हे आधी तपासा, कारण वेळापत्रक हंगामानुसार बदलते. मुक्कामांचे आरक्षण विमानाचे तिकीट नक्की झाल्यानंतरच पक्के करा.

पाम बीच

खारघरकरांचा महिन्याचा मुद्दा मी मान्य करतो. तरीही घोडबंदरकरांनी पुढे कधी जूनमध्ये जायचे ठरवल्यास स्वानेतीचा विचार आईंना घेऊनच करावा. मेस्तियात सपाट चौक आहे, पाहण्याजोगे संग्रहालय आहे आणि बाकावर बसूनही बुरूज दिसतात.

घोडबंदरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी सर्वांनी बसून कार्यक्रम नव्याने लिहिला आहे. बातुमी, गोरी, कुतैसी आणि स्वानेती गाळले. आधी त्बिलिसीत मुक्काम करून जुने शहर आणि म्त्सखेता पाहावे, तिथून काझबेगीला जाऊन दोन रात्री राहावे, परत येऊन काखेतीत आलावेर्दी आणि सिघनाघी हे गाव करावे आणि शेवटची रात्र पुन्हा त्बिलिसीत असावी, असे ठरते आहे. प्रवासी संस्थेला हे सांगितल्यावर, ‘एवढ्या खर्चात एवढेच पाहणार?’ असा प्रश्न तिथल्या गृहस्थांनी विचारला. मुलीने परस्पर होकार दिला. आता मोटार चालकासह घ्यायची आहे. त्याला आधी काय विचारून घ्यावे?

खारघरचा भटक्या

कार्यक्रम उत्तम झाला आहे. काझबेगीच्या दोन रात्रींपैकी मधला दिवस पूर्णपणे मोकळा ठेवा. हवा चांगली असेल, तर रशियाच्या सीमेलगतच्या दारियाली घळीपर्यंत किंवा स्नो नावाच्या गावाच्या दिशेने थोडे फिरता येईल. पारपत्रे जवळ असू द्या.

चालकाला तीन गोष्टी विचारा : गाडीला हिवाळी टायर आहेत का, साखळ्या सोबत असतात का, आणि खिंड बंद झाल्यास अडकून पडलेल्या रात्रीचे पैसे तो कसे लावतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्या. निघण्याच्या दिवशी सकाळी रस्ते विभागाची सूचना पाहून मगच खोली सोडा. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तुम्ही त्बिलिसीतच राहणार आहात, त्यात काहीही झाले तरी बदल करू नका. चालकाने आणखी एक मठ दाखवण्याचा कितीही आग्रह केला, तरीही.

वाशीची अन्नपूर्णा

आणि काकूंसाठी गुडघ्यांचे गरम पट्टे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. गुदौरीच्या स्मारकापाशी उतरल्यावर वारा फार असतो.